कुष्ठरुग्णांच्या हातांचे शल्यविशारद
इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जरीचे शिक्षण घेऊन भारतात परतलेल्या डॉ. नोशीर अंटिया (१९२२-२००७) यांना सौंदर्यशस्त्रक्रियेची अर्थप्राप्ती सहज शक्य होती. त्यांनी मात्र कुष्ठरुग्णांचे चेहरे व वाकडी बोटे यांना वाहून घेतले. या रोगात कोपरामागून मनगटाकडे जाणारा अल्नर मज्जातंतू सुजतो व अरुंद जागेत दबतो. करंगळी, अनामिका बधिर होऊन वाकतात. वेळीच औषधोपचार झाल्यास तो वाचू शकतो. उशिरा शस्त्रक्रियेने बोटे सरळ होतात. हरपलेली संवेदना सहसा परतत नाही. जे. जे. रुग्णालयातील या शल्यविशारदाने पुढे फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च स्थापून मज्जातंतूंच्या हानीवरील संशोधनास चालना दिली आणि मांडवा परिसरातील ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले. १९९० साली त्यांना पद्मश्री लाभली.