आंबट दुधाचा ध्यास घेतलेला शास्त्रज्ञ

सुरत हे सहकारी दूधव्यवसायाचे जुने केंद्र. तेथील सुमुल दूध संघ १९५१ पासून कार्यरत आहे. पनीर कुठेही होवो, दुधाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग निवळी होऊन निथळतो आणि तिच्यात सुमारे पाच टक्के दुग्धशर्करा शिल्लक राहते. या निवळीवर उपकारक जीवाणू वाढवून ते कोंबड्यांना खाद्यातून द्यावेत, ही कल्पना मागे मागे नेली की ती इल्या मेचनिकॉव्ह यांच्यापाशी पोहोचते.

आजच्या युक्रेनमधील खार्कीव्हजवळ १८४५ मध्ये मेचनिकॉव्ह यांचा जन्म झाला. बुद्धी तल्लख, स्वभाव मात्र कमालीचा हळवा. पहिली पत्नी ल्युदमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली, तेव्हा त्यांनी विष घेतले. मात्रा जास्त झाल्याने उलटी होऊन ते वाचले. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने अंथरुणाला खिळली असता त्यांनी स्वतःला तापाचे जंतू टोचून घेतले. तेव्हाही ते बचावले.

१८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात त्यांनी काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. शरीर जंतूंना गिळून आपले रक्षण करते, या त्यांच्या सिद्धान्ताचा हा आरंभ होता. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पाउल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले ते याच कार्यासाठी.

दरम्यान ओदेसा येथील जीवाणू संस्थेत त्यांचे मन रमले नाही. तेथे मेंढ्यांना टोचलेली लस घातक ठरली, टीका झाली, आणि १८८८ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. त्यांचे विद्यार्थी हाफकिन पाठोपाठ तेथेच आले. मुंबईत प्लेगची लस सिद्ध करणारे आणि पोर्तुगीज दमणमध्ये ती टोचणारे ते हेच.

उतारवयात मेचनिकॉव्ह यांनी म्हातारपणाचा शोध आतड्यात घेतला. तेथील कुजवणाऱ्या जीवाणूंना दुग्धाम्ल तयार करणारे जीवाणू आवर घालतील, असा त्यांचा कयास होता. १९०४ च्या त्यांच्या व्याख्यानानंतर पॅरिसमध्ये आंबट दुधाची लाटच आली. ते स्वतः वर्षानुवर्षे आंबट दूध घेत. जुलै १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांचा कयास अर्धाच खरा होता. त्यांनी ज्याची भलामण केली तो बल्गेरियातील दह्याचा जीवाणू आतड्यात टिकत नाही, हे अमेरिकेतील लिओ रेटगर यांनी दाखवले. याच रेटगर यांनी पिल्लांच्या घातक पांढऱ्या हगवणीचा जंतू शोधला होता आणि पिल्लांना दूध पाजण्याचे प्रयोगही केले होते. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी व रांताला यांनी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जीवाणू नवजात पिल्लांना दिले, तेव्हा साल्मोनेला त्यांच्यात सहजी रुजला नाही. उबवणी यंत्रातले पिल्लू आईला कधी भेटतच नाही. आईकडून मिळणारे हे विरजण त्याला बाहेरून द्यावे लागते.

निवळी स्वस्त पडते ती इथेच. ती उकळून, कोमट करून, योग्य जीवाणूंचे विरजण लावून उबेत झाकून ठेवली की आंबते. घरचे दही त्यासाठी पुरेसे नाही. कोंबडीच्याच आतड्यातून निवडलेले जीवाणू अधिक टिकतात. कोंबडीला दुग्धशर्करा नीट पचत नाही, जास्त झाल्यास हगवण लागते; म्हणून न आंबवलेली निवळी भरपूर पाजणे अंगलट येते. आंबवताना काही शर्करा जीवाणूच संपवतात. तयार निवळी मात्र ताजीच, बेताने वापरावी लागते.