निराधारांचें माहेर

सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं १८३१ सालीं जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांस लोक शिक्षिका म्हणून ओळखतात. पण त्यांचें याहूनही कठीण कार्य निराळें होतें. घरांतल्याच पुरुषाच्या जुलमानें गरोदर राहिलेल्या विधवेस पुष्कळदां विहिरीवांचून वाट दिसत नसे. अशांसाठीं १८६३ सालीं जोतीरावांसह त्यांनीं पुण्यांत आपल्या घरींच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. विधवापुत्र यशवंतास दत्तक घेऊन डॉक्टर केलें आणि १८९७ च्या प्लेगांत रुग्णसेवा करितां करितां देह ठेविला. २००५ चा कायदा पीडितेस सासरच्या घरांत राहण्याचा हक्क देतो. पण तो पदरांत पडेपर्यंत तिनें मुलांसह रात्र कोठें काढावी? नांदेड-लातूरच्या ज्या व्यापाऱ्यांपाशीं रिकामी खोली असेल, त्यांनीं ती अशा लेकीबाळींस मोकळी करावी. बाईंचें खरें स्मारक तेंच होय, असें आम्हांस वाटतें.