सर जमशेटजी जीजीभाई

शिंगणापूर-नेवाशाकडील आमचे भाविक मोतमाउलीच्या सणास दादरहून रस्त्यानें वांद्र्यास जातांना माहीमचा बांध ओलांडतात. तो कोणीं बांधविला?

जमशेटजी 1783 सालीं मुंबईंत जन्मले. 16 व्या वर्षीं आईबाप गमावून ते मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यांत शिरले. त्यावरूनच लोक त्यांस बाटलीवाला म्हणूं लागले. पुढें चीनच्या व्यापारांत, अफूच्याहि, त्यांनीं अमाप द्रव्य मिळविलें. हा डाग आम्ही झांकीत नाहीं. त्या काळीं माहीमची खाडी होडींतूनच ओलांडावी लागे आणि पावसाळ्यांत होड्या उलटून माणसें बुडत. सरकार पैसा देईना. तेव्हां जमशेटजींच्या पत्नी आवाबाईंनीं दीड लाखांवर रुपये दिले. अट एकच, येणाऱ्याजाणाऱ्यांकडून पथकर घेऊं नये. 1845 सालीं बांध खुला झाला. भायखळ्याचें त्यांच्या देणगीचें इस्पितळहि त्याच वर्षींचें. जमशेटजी 1859 सालीं निवर्तले.