लातूरच्या शिलालेखात नाव असलेल्या राजाने 900 वर्षांपूर्वी मासा गळाला कसा लावायचा यावर अख्खं प्रकरण लिहून ठेवलंय

लातूरच्या पापविनाशक मंदिरात 12व्या शतकातला एक शिलालेख आहे. लातूरचं जुनं नाव लत्तलूर. त्या गावात तेव्हा 500 विद्वान राहत होते, असं या लेखात सांगितलंय. लेख ज्या राजाच्या काळातला आहे त्याचं नाव सोमेश्वर तिसरा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला हा राजा.

राजा म्हटलं की लढाया, किल्ले, विजयस्तंभ वगैरे आठवतं. सोमेश्वराचं नाव मात्र आज टिकून आहे ते एका पुस्तकामुळे. आणि त्या पुस्तकात इतर शेकडो गोष्टींबरोबर गळ टाकून मासे कसे पकडायचे हेसुद्धा आहे.

हा राजा नेमका कोण होता, ते आधी पाहू.

बाप माणूस आणि त्याचा मुलगा

सोमेश्वराचे वडील म्हणजे विक्रमादित्य सहावा. 1076 ते 1126 अशी तब्बल 50 वर्षं त्याने राज्य केलं. गादीवर आल्यावर त्याने स्वतःच्या नावाची नवी कालगणनाच सुरू केली. काश्मीरचा कवी बिल्हण त्याच्या दरबारात होता. हिंदू वारसा कायद्यात आजही ज्याचं नाव निघतं तो मिताक्षरा हा ग्रंथ विज्ञानेश्वराने याच काळात लिहिला.

या सगळ्याची राजधानी होती कल्याणी, म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. हे गाव आज कर्नाटकात असलं तरी मराठवाड्याला परकं नाही. 1956 पर्यंत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्यात होट्टलला जी देखणी मंदिरं आहेत, तीही चालुक्यांच्याच काळातली.

अशा बापाच्या मागे 1126 च्या सुमारास सोमेश्वर गादीवर बसला. त्याने भूलोकमल्ल अशी पदवी घेतली. राज्य मोठं होतं, पण कडेकडेने सुटायला लागलं होतं. दक्षिणेत होयसळांचा विष्णुवर्धन डोकं वर काढत होता. पूर्वेकडे गोदावरीच्या मुखाजवळचा वेंगीचा प्रांत चोळांकडे गेला.

म्हणजे तलवारीच्या हिशोबात मुलगा बापापेक्षा कमी पडला. लोक त्याला ओळखू लागले ते सर्वज्ञ या नावाने. त्याचं कारण होतं मानसोल्लास.

100 प्रकरणांचा मानसोल्लास

मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ. अभिलषितार्थचिंतामणी हे त्याचं दुसरं नाव. ग्रंथात शके 1051 चा, म्हणजे इ.स. 1129 चा उल्लेख येतो, त्यावरून तो कधी लिहिला गेला हे कळतं. त्याचे पाच भाग आहेत आणि प्रत्येक भागात 20 प्रकरणं. अशी एकूण 100.

पहिल्या दोन भागांत राज्य कसं मिळवायचं आणि कसं टिकवायचं ते आहे. तिसरा भाग उपभोगांचा. घर, अंघोळ, कपडे, दागिने आणि जेवण यात येतं. इडलीची आणि डोशाची पूर्वजं वाटावीत असे पदार्थ त्यात आहेत, आपले मांडेही आहेत. शेवटचे दोन भाग करमणुकीचे आणि खेळांचे.

मराठी माणसासाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी म्हणतात, याची नोंद या ग्रंथात सापडते. ज्ञानेश्वरीच्या जवळपास दीडशे वर्षं आधीची ही नोंद आहे. म्हणजे राजाचं लक्ष उखळापाशी बसलेल्या बाईपर्यंत गेलं होतं.

राजा आणि गळ

करमणुकीच्या भागात हत्ती आहेत, घोडे आहेत, मल्लांच्या कुस्त्या आहेत, ससाण्याची शिकार आहे. त्याच रांगेत एक प्रकरण आहे मत्स्यविनोद. मासेमारीकडे पोट भरायचं काम म्हणून न बघता छंद म्हणून बघणारं हे लिखाण. भारतातल्या यावरच्या सर्वात जुन्या सविस्तर लिखाणांत त्याची गणना होते.

सोमेश्वर सुरुवात गळापासून करत नाही, माशापासून करतो. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते अशी तो विभागणी करतो. सुमारे 35 प्रकारचे मासे त्याने नोंदवले आहेत. मग कोण कुठे राहतो आणि काय खातो ते येतं. पिठाच्या गोळ्यांवर येणारे मासे वेगळे आणि मांसावर येणारे वेगळे. त्यानंतर काठी, दोरी, गळ आणि आमिष. शेवटी मासा लागल्यावर त्याला दमवून काठाला कसा आणायचा ते.

या क्रमातच त्याची पद्धत कळते. माशाच्या मागे धावायचं नाही. त्याला आधी चारा घालायचा, जागेची सवय लावायची, आणि तो आपल्या पायाशी आला की गळ टाकायचा. मासा तोंड कधी उघडणार हे गळ पाण्यात पडायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं.

हाच प्रश्न अमेरिकेतही आहे

आता तुम्ही म्हणाल, 900 वर्षांपूर्वीची ही माहिती आज कुणाच्या कामाची? तर गळवाल्यांचा हा वाद जगभर अजून संपलेला नाही.

उत्तर अमेरिकेत मस्की नावाचा एक मोठा शिकारी मासा आहे. तिथले लोक खोटा मासा लांब फेकतात आणि दोरी गुंडाळत तो आपल्याकडे ओढतात. ओढताना वेग कमी-जास्त करायचा, मध्येच हिसका द्यायचा, म्हणजे मस्की झडप घालेल ही एक पद्धत. पण मस्की अनेकदा नुसता मागे मागे येतो आणि होडीजवळ आला की थबकतो. म्हणून तिथले मुरलेले लोक खोटा मासा लगेच बाहेर काढत नाहीत. काठीचं टोक पाण्यात बुडवून होडीच्या कडेला इंग्रजी आठाचा आकडा काढत राहतात. भक्ष्य अचानक वळून निसटतंय असं वाटलं की पाठलाग करणारा मासा ऐनवेळी तोंड मारतो.

आपल्याकडे मरळीचा स्वभाव थोडा असाच. ती पाणगवतात दबा धरून बसते आणि बेडूक काठाजवळून सरकला की झेपावते. गळ टाकून झाला, आता ओढून घेऊ, असं वाटतं तेव्हाच खरा खेळ सुरू होतो.

सोमेश्वराच्या काळात प्लॅस्टिकचे मासे नव्हते. पण मूळ मुद्दा तोच. हाताची ताकद उपयोगाची नाही, समोरच्या माशाचा स्वभाव माहीत हवा. प्रत्येक माशाला एकच आमिष चालत नाही, हे त्याने नोंदवून ठेवलं.

हे त्याला सांगितलं कुणी?

एवढे विषय एकट्या राजाला माहीत असणं अवघड आहे. दरबारातल्या पंडितांचा हात त्यात असणार. पण कोणता मासा कोणत्या डोहात राहतो हे पंडितालाही पोथीत सापडत नाही. ते नदीवर राबणाऱ्या माणसालाच माहीत असतं. भोई आणि कोळी समाजाकडे पिढ्यान् पिढ्या असलेल्या अशा माहितीशिवाय हे प्रकरण तयार होणं कठीण होतं. त्यांची नावं मात्र ग्रंथात नाहीत. नाव राहिलं ते राजाचं.

चालुक्यांच्या या मुलखातली मोठी नदी मांजरा. ती बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर आणि बीदरमधून जाते, नांदेडच्या सीमेला लागते आणि पुढे गोदावरीला मिळते.

राज्य गेलं, पुस्तक राहिलं

1138 च्या सुमारास सोमेश्वराचं राज्य संपलं. त्यानंतर 20-25 वर्षांतच कलचुरी बिज्जलाने चालुक्यांची गादी बळकावली. महात्मा बसवेश्वरांचं कार्य उभं राहिलं ते याच बिज्जलाच्या कल्याणीत. शतक संपता संपता चालुक्य इतिहासजमा झाले आणि मराठवाडा देवगिरीच्या यादवांकडे आला.

सोमेश्वराने वडिलांचं चरित्रही लिहायला घेतलं होतं, विक्रमांकाभ्युदय नावाचं. ते आज अपुरंच मिळतं. मानसोल्लास मात्र हस्तलिखितांतून टिकला. गजानन श्रीगोंदेकर यांनी तो संपादित केला आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत 1925 पासून तो छापून येऊ लागला. 1951 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्यातल्या मत्स्यविनोदावर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि जुन्या राजाचा हा छंद विज्ञानाच्या चर्चेत आला.

सीमा राखण्यात सोमेश्वर वडिलांइतका यशस्वी झाला नाही, हे खरं. पण विक्रमादित्याने जिंकलेला प्रत्येक प्रांत पुढे दुसऱ्या कुणाकडे गेला. माशाला चारा कसा घालायचा, मांडे कसे करायचे, कांडताना बायका काय म्हणतात, हे सोमेश्वराने लिहून ठेवलं म्हणून आज आपल्यापर्यंत आलं.

2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. नदी अशी कोरडी पडते तेव्हा मासे जातात, आणि त्यांच्या सवयी ओळखणाऱ्या माणसांचं ज्ञानही त्यांच्यामागोमाग जातं. हे ज्ञान लिहून ठेवण्यासारखं आहे, एवढं तरी या राजाला 900 वर्षांपूर्वी कळलं होतं.