नकलांना पुरून उरलेला घड्याळकार

जुन्या पॉकेट वॉचचा पारखी सोन्याच्या वजनापेक्षा घड्याळाच्या अस्सलपणाला अधिक महत्त्व देतो. ही पारख सुकर करणाऱ्यांत अब्राहम-लुई ब्रेगे अग्रणी होते.

स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे १७४७ मध्ये जन्मलेल्या ब्रेगे यांनी १७७५ मध्ये पॅरिसमध्ये कार्यशाळा थाटली. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत त्यांच्या ग्राहकांपैकी एक. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ मध्ये, त्यांना पॅरिस सोडावे लागले. दोन वर्षांनी ते परतले.

कीर्तीबरोबर नकलांचाही सुळसुळाट झाला. त्यावर उपाय म्हणून ब्रेगे यांनी तबकडीवर अतिसूक्ष्म गुप्त स्वाक्षरी कोरण्यास प्रारंभ केला. ती केवळ तिरप्या प्रकाशातच दिसे. विकलेल्या घड्याळाचा क्रमांक, ग्राहक आणि किंमत यांची नोंद वहीत होई. क्रमांक त्या नोंदीशी जुळला, तर घड्याळाचे मोल आजही कैकपटीने वाढते.

राणीसाठी १७८३ मध्ये मागविण्यात आलेले १६० क्रमांकाचे घड्याळ १८२७ मध्ये पूर्ण झाले. राणीला १७९३ मध्येच मृत्युदंड देण्यात आला होता आणि ब्रेगे यांचेही १८२३ मध्ये निधन झाले होते. अस्सलपणाची खूण मात्र त्यांनी मागे ठेवली.