बेन्झिनचे कोडे सोडविणाऱ्या कॅथलीनबाई

बेन्झिनच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे कडे असते, असे केकुले यांनी १८६५ साली मांडले. ते सपाट की दुमडलेले, हा वाद मात्र साठ वर्षे चालला. तो मिटविला कॅथलीन लॉन्सडेल यांनी.

१९०३ साली आयर्लंडमध्ये एका पोस्टमास्तरांच्या घरी त्या दहावे अपत्य म्हणून जन्मल्या. पुढे कुटुंब इंग्लंडात आले. मुलींच्या शाळेत भौतिक व रसायनशास्त्र नव्हते. म्हणून त्या तासांना त्या मुलांच्या शाळेत एकट्या जाऊन बसत.

लीड्स येथे प्राध्यापक इन्गोल्ड यांनी त्यांना हेक्झामिथिलबेन्झिनचे स्फटिक दिले. त्यांवर क्ष-किरण सोडून, ते कोणत्या दिशेस किती वळतात हे मोजून, बाईंनी अणूंच्या जागा हिशेबाने काढल्या. १९२९ साली उत्तर मिळाले : कडे सपाट व षट्कोनी आहे. पुढे वर्णपटांच्या अभ्यासानेही बेन्झिनची हीच सममिती दिसून आली.

तीन मुलांचा संसार सांभाळीत बाई घरीच गणिते करीत. १९४५ साली रॉयल सोसायटीने प्रथमच दोन स्त्रियांना सदस्यत्व दिले, त्यांत त्या होत्या. १९७१ साली त्या निवर्तल्या.

पिंपळवंडीच्या पालकांनो, मुलीला विज्ञान शिकावयाचे असेल तर अंतर मोजू नका. वाट काढून द्या.