रमाबाई आणि नर्सबाई



१ ऑगस्ट हा सिंगापूरचा नर्सेस डे. १८८५ साली कॉन्व्हेंटमधल्या फ्रेंच नन्सनी सेपॉय लाइन्सच्या जनरल हॉस्पिटलमध्ये रुग्णांची शुश्रूषा हाती घेतली, तिथून इथल्या नर्सिंगची सुरुवात मानतात. (सेपॉय लाइन्स म्हणजे आपल्याकडून आलेल्या शिपायांची छावणी! औट्रमला जाताना आठवून बघा.) या निमित्ताने आपल्या पानासाठी काहीतरी लिहायचं ठरलं तेव्हा पहिलं नाव अर्थातच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं सुचलं. पण त्यांच्यावर शाळेत सगळ्यांनी निबंध लिहिलेला आहे. आम्हाला आठवल्या पुण्याच्या रमाबाई रानडे.

त्या स्वतः नर्स नव्हत्या. मग त्याच का? सांगतो.

इथल्या हॉस्पिटलात किंवा पॉलिक्लिनिकमध्ये आई-बाबांना घेऊन गेलेल्या बऱ्याच जणांना हा अनुभव असेल. मधुमेहाची, रक्तदाबाची नेहमीची तपासणी. आतून एक बाई येतात, छान चौकशी करतात, तपासतात, रिपोर्ट बघतात, गोळी कमी-जास्त करतात आणि पुढची तारीख देतात. बाहेर आल्यावर बाबा विचारतात, डॉक्टर कुठे होते? त्या बाई ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्स, म्हणजे एपीएन होत्या हे समजावून सांगितलं तरी चेहऱ्यावरची शंका जात नाही. नर्सनेच तपासलं ना, मग आपल्याला दुय्यम वागणूक मिळाली की काय, असं वाटत राहतं. आपल्या पिढीलाही वाटतं, उगाच नाही कशाला म्हणा.

नर्सने किती करावं, हा प्रश्न आपल्या मराठी घरात साधारण शंभर-सव्वाशे वर्षं जुना आहे. तेव्हा तो आणखी एक पायरी मागे होता. चांगल्या घरच्या बाईने नर्स व्हावं का, तोच मुळात वादाचा विषय होता. त्या वादात पदर खोचून उभ्या राहिल्या त्या रमाबाई.

आता थोडं मागे जाऊ. सध्याच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरी १८६२ साली त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव यमुना. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, पहिली पत्नी नुकतीच वारलेली. सुधारक म्हणून नाव असल्यामुळे ते एखाद्या विधवेशी विवाह करतील अशी मित्रांची अपेक्षा होती आणि वडिलांना नेमकी तीच धास्ती होती. वडिलांचं चाललं. मुलगी तर अक्षरशत्रू. माधवरावांनी लग्नानंतर लगेच तिला पाटी-पुस्तक दिलं आणि स्वतः शिकवायला बसले.

झी मराठीवर २०१२ मध्ये सुरू झालेली उंच माझा झोका ही मालिका आपल्यापैकी अनेकांनी इथे बसून पाहिली असेल, त्यामुळे घरातला छळ, नणंदांची बोलणी, लपूनछपून चाललेला अभ्यास वगैरे आम्ही परत सांगत नाही. एकच प्रसंग सांगतो. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढायचं घाटत होतं (तीच ती १८८४ ची हुजूरपागा). त्यासाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरसाहेबांसमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचून दाखवलं. सभेत कौतुक झालं, आणि घरी आल्यावर बायकांनी जे सुनावलं ते रानड्यांनाही ऐकू जाईल इतपत होतं. रमाबाई उलट बोलल्या नाहीत. सोसायचं, पण हातातलं काम सोडायचं नाही, ही त्यांची पद्धत पुढेही तशीच राहिली. आम्हाला त्यांच्या स्वभावातला हा भाग भाषणांपेक्षा मोठा वाटतो.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला, आमच्या रमाबाई तिथे जाऊ लागल्या. पुढची वर्षं न्यायमूर्तींच्या बदल्यांबरोबर निरनिराळ्या गावी गेली. १६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. रमाबाई अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या. त्या पुण्याला परतल्या आणि वर्षभर घराबाहेरच पडल्या नाहीत.

विधवेचं जिणं कसं असतं हे आता पुस्तकातून वाचायची गरज उरली नव्हती. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेच्या निमित्ताने त्या पुन्हा सार्वजनिक कामात आल्या. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईला सेवासदन काढलं, त्याच्या अध्यक्षपदासाठी त्यांनी रमाबाईंना गाठलं. दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याचं सेवासदन सुरू झालं. रमाबाईंच्या जोडीला भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर होते. सुरुवात रानड्यांच्या वाड्यातच झाली. लिहायला-वाचायला शिकवणं, शिवण, प्रथमोपचार, आणि मग नर्सिंग.

शिवणाला कोणाची हरकत नव्हती. गडबड झाली ती नर्सिंगवरून.

त्या काळचं पुणं डोळ्यापुढे आणा. ससून हॉस्पिटल १८६७ पासून उभं होतं, पण हॉस्पिटल म्हणजे मरायला जायची जागा असा समज. १८९७ च्या प्लेगने ती भीती दुप्पट केली. (त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या.) पुरुष डॉक्टरसमोर बायका हात पुढे करायलाही तयार नसत. म्हणजे बायकांसाठी बाईच हवी. पण ती यायची कुठून? नर्सिंगमध्ये तोवर बहुतेक ख्रिश्चन आणि अँग्लो-इंडियन मुली असत. परक्याच्या अंगाला हात लावायचा, रक्त, मलमूत्र, बाळंतपण, शिवाशिव, वर रात्रपाळी! ब्राह्मण घरांत तर हे ऐकूनच कानावर हात ठेवत.

आणि त्याच घरांच्या माजघरात विधवा बसलेल्या होत्या. कोणी पंधराची, कोणी वीसची. केशवपन झालेलं, लाल आलवण, एक वेळचं जेवण, दिवसभर काम आणि वर अपशकुनी म्हणून हिणवणं. शुभकार्यात समोर आली तर तोंड फिरवायचं. पण आजाऱ्याची उस्तवार, बाळंतिणीचं करणं, रात्रीचं जागणं हे सगळं तिच्याच वाट्याला. म्हणजे काम नर्सचं होतंच, फक्त शिक्षण नव्हतं, पगार नव्हता आणि मान तर नव्हताच. रमाबाईंनी याच बायकांना नर्सिंगला पाठवलं.

आम्हाला वाटतं, यातली खरी अवघड गोष्ट वर्ग काढण्याची नव्हती. वर्ग ससूनच्या मदतीने निघाला. अवघड होतं ते सोवळ्यातल्या मुलीला हॉस्पिटलात पाठवायला तिच्या सासर-माहेरचा होकार मिळवणं. तिथे रमाबाईंचं नाव कामी आलं. रानड्यांच्या पत्नी जबाबदारी घेत आहेत म्हटल्यावर लोकांना नाही म्हणणं जड जायचं. राहण्याजेवणाची वेगळी सोय, वागण्याचे नियम, देखरेख, सगळं इतकं चोख ठेवलं की बोट ठेवायला जागा नको. आज ते नियम जाचक वाटतील. पण एका मुलीबद्दल कुजबुज झाली असती तर मागच्या सगळ्यांचा रस्ता बंद झाला असता, हे त्या ओळखून होत्या. नर्सिंगपाठोपाठ सुईणकाम आणि सब-असिस्टंट सर्जनचं शिक्षण घेणाऱ्या मुलींनाही सेवासदनाने आधार दिला. सब-असिस्टंट सर्जन म्हणजे पूर्ण पदवीधर डॉक्टर नाही, पण रुग्ण तपासून औषध देणारा. मधली पायरी म्हणा ना.

एका वार्षिक समारंभातली हकिगत प्रसिद्ध आहे. बक्षीस घ्यायला एक विद्यार्थिनी व्यासपीठावर आली. विधवा, केशवपन केलेल्या डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. गॅलरीत कॉलेजची पोरं बसली होती, त्यांनी हुर्यो सुरू केली. रमाबाई एरवी शांत, पण त्या दिवशी उठल्या आणि सरळ त्या पोरांशी बोलल्या. तुमच्यापैकी कोणाच्या घरात अशी बहीण, आत्या किंवा आई नाही, असा त्यांचा सवाल होता. जिला तुम्ही हसलात ती तुमच्याच घरातली आहे, हे त्यांनी इतक्या कळकळीने सांगितलं की सभागृह चिडीचूप झालं. शिकलेल्या मुलांनी हे करावं याचं त्यांना जास्त दुःख झालं होतं.

हळूहळू चित्र बदललं. शिकून बाहेर पडलेल्या नर्सबाई पगार मिळवू लागल्या, ज्या घरांनी नावं ठेवली त्याच घरांतून बाळंतपणाला बोलावणी येऊ लागली. १९२४ मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा पुणे सेवासदनाच्या निरनिराळ्या विभागांत हजाराहून जास्त स्त्रिया शिकत होत्या.

आता परत सिंगापूर. इथे एनयूएसमध्ये २००३ साली नर्सिंगची मास्टर्स सुरू झाली आणि २००६ पासून सिंगापूर नर्सिंग बोर्ड एपीएनची वेगळी नोंदणी करतं. म्हणजे ज्या बाईंनी बाबांना तपासलं त्यांनी आधी काही वर्षं वॉर्डात काढलेली असतात, मग मास्टर्स, मग देखरेखीखाली इंटर्नशिप, आणि मगच ते नाव लावायची परवानगी. तपासणं, चाचण्या सांगणं, निदान करणं, दीर्घ आजारांचा पाठपुरावा करणं हे त्यांच्या कामात येतं. २०१८ पासून आणखी वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या एपीएन ठरलेल्या चौकटीत डॉक्टरच्या सहीशिवाय औषधही लिहू शकतात. चौकटीबाहेरचं काही दिसलं तर रुग्ण डॉक्टरकडे जातो. आम्ही आयटीवाले याला ॲक्सेस राइट्स म्हणू. कोणाला कशाची परवानगी, कुठे वरच्या माणसाची संमती हवी, सगळं लिहून ठेवलेलं. सिस्टिममध्ये परवानगी दिली की विषय संपतो. घरी मात्र बाबांनी मनातून परवानगी द्यावी लागते, आणि ती कुठल्याच बोर्डाच्या हातात नाही.

मधुमेहासारख्या आजारात गोळीइतकंच महत्त्व खाणं-पिणं, पाय तपासणं, इंजेक्शन नीट घेता येतंय का ते बघणं याला असतं. त्याला वेळ लागतो, आणि वॉर्डात वर्षं काढलेल्या नर्सला नेमकं काय विचारायचं ते ठाऊक असतं. तेव्हा पुढच्या वेळी बाबांनी विचारलं तर रमाबाईंची गोष्ट सांगून बघा. पुणेकर असतील तर लक्ष्मी रोडवरचं सेवासदन त्यांना नक्की माहीत असेल, फक्त त्याचा नर्सिंगशी संबंध ठाऊक नसेल. (भारतातही आता अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, हेही सांगा.)

परदेशातल्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम. रमाबाईंनी शेवटच्या वर्षांत मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी पुण्यात चळवळ केली, मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटल्या, येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जात राहिल्या. त्याच धामधुमीत फिजी आणि केनियातल्या हिंदी मजुरांच्या हालांबद्दलही त्यांनी आवाज उठवला. समुद्रापलीकडे गेलेली माणसं त्यांनी आपलीच मानली.

त्यांचं आत्मकथन आमच्या आयुष्यातील काही आठवणी १९१० मध्ये प्रसिद्ध झालं. भाषा साधी आणि घरगुती आहे, आमच्याकडे दोन रात्रींत वाचून झालं. ज्यांच्या मुलांना मराठी वाचणं जड जातं त्यांच्यासाठी कुसुमावती देशपांडे यांनी केलेला इंग्रजी अनुवादही आहे. ग्रंथालयात मिळाला तर जरूर आणा, आणि कुठे मिळाला ते आम्हालाही कळवा.